चोविसाव्या दिवसाचा २.१४

मी आयसीटीसीत समुपदेशक आहे, म्हणजे सरकारी दवाखान्यातलं एचआयव्ही तपासणीचं केंद्र. आमची खोली औषधाच्या खिडकीच्या मागच्या बाजूला आहे, दारावर मोठी पाटी आहे पण ती कोणी वाचत नाही, लोकं दबक्या आवाजात "ते रक्ताचं कुठं असतं?" असं विचारत येतात आणि शिपाई मामा मोठ्या आवाजात "ते होय, सरळ जा डावीकडं" म्हणून सगळ्या रांगेला कळवतात. मामांना किती वेळा सांगितलं, असो.

हे प्रकरण लिहायचं कारण असं की गेल्या काही वर्षात आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी स्वतःच कुठे कुठे टेस्ट करून, चार-पाच रिपोर्ट मोबाईलमध्ये घेऊन येतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "हा फायनल समजायचा का?" या एका माणसाच्या केसमध्ये त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आल्या, निगेटिव्ह कधी पक्का धरायचा आणि पॉझिटिव्ह कधी पक्का धरायचा. नाव, गाव, कंपनी सगळं बदललंय किंवा गाळलंय. दिवसांचं अंतर तेवढं जसंच्या तसं ठेवलंय, कारण सगळी गोष्टच त्या अंतराची आहे.

तो आला गुरुवारी, ओपीडी संपत आली होती. वय २९, एमआयडीसीत कामाला, साखरपुडा झालेला, लग्न वैशाखात. बसायच्या आधीच मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "मॅडम, हे बघा आणि मला सांगा माझ्याकडं किती वर्षं आहेत."

खासगी लॅबचा रिपोर्ट होता. एचआयव्ही १ आणि २, अँटीजेन-अँटीबॉडी, फोर्थ जनरेशन. किंमत २.१४, समोर लिहिलेलं की १.०० च्या खाली नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे टेस्टला काही दिसलं नाही, १.०० किंवा वर रिॲक्टिव्ह, म्हणजे काहीतरी दिसलं. आणि त्याच्याखाली ठळक लाल अक्षरात कोणीतरी 'पॉझिटिव्ह' टाईप केलेलं. तळाला अगदी बारीक टाईपात एक ओळ होती, की ही स्क्रीनिंग टेस्ट आहे, खात्रीसाठी पुढची तपासणी करावी. ती ओळ त्याने वाचलीच नव्हती. लाल शब्द दिसल्यावर बारीक टाईप कोण वाचतंय.

मी विचारलं, "कधी?"

"काय कधी?"

"संबंध कधी आला होता? तारीख सांगा."

त्याला वाटलं मी खोदून विचारतेय, मान खाली घातली. पण मला तारीखच पाहिजे होती, कोण होतं कुठं होतं ते नको होतं. माझ्या टेबलामागे एका औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं असतं, ते काढलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली, म्हटलं त्या दिवसावर गोल करा. त्याने संक्रांतीच्या आधीच्या शनिवारवर गोल केला. तो शून्य दिवस. मग मी एकेक चौकोन मोजत गेले. मंगळवारी रक्त दिलं तो चोविसावा दिवस, आणि माझ्यासमोर बसला होता तो सव्वीसावा.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी मित्राच्या पार्टीनंतर एकदाच झालेला संबंध, कंडोम होता पण फाटला, आणि हे त्याला तेव्हाच कळलं होतं. रविवार त्याने स्वतःला समजावण्यात घालवला, सोमवारी भोगी, मंगळवारी संक्रांत म्हणून सासरवाडीहून तिळगूळ आला, त्या तिळगुळाच्या डब्याकडे बघून पोटात गोळा आला म्हणे, आणि बुधवारी त्याने गुगल उघडलं. तिथं त्याला पहिल्यांदा कळलं की पेप नावाच्या गोळ्या असतात, संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, आणि २८ दिवस घ्यायच्या. त्याचे ७२ तास मंगळवारी रात्रीच संपले होते. एका दिवसाने हुकलं. (हे मी दर वेळी ऐकते, आणि दर वेळी वाईट वाटतं, की माणसाला ४५ दिवस, ९० दिवस हे आकडे पाठ असतात पण ७२ तास हा आकडा वेळेवर माहीत नसतो.)

मग नवव्या दिवशी गल्लीतल्या लॅबमध्ये पट्टीची टेस्ट, नॉन-रिॲक्टिव्ह. दोन दिवस बरं वाटलं. बाराव्या दिवशी ताप आला, घसा दुखला, आणि खेळ सुरू झाला. रोज रात्री बाथरूमच्या आरशात मोबाईलचा टॉर्च लावून जीभ बघायची, पांढरा थर आहे का, मानेत गाठ लागते का, अंगावर पुरळ आहे का. मी त्याला सांगितलं की सुरुवातीच्या इन्फेक्शनमध्ये ताप, घसा, पुरळ, गाठी हे होऊ शकतं, खरंय, पण हेच सगळं साध्या व्हायरलमध्ये पण होतं, आणि काही जणांना खरं इन्फेक्शन होऊनही काहीच होत नाही. लक्षणांवरून ना हो म्हणता येतं ना नाही. टॉर्च लावून रोज जीभ बघितली तर कोणाच्याही जिभेवर काहीतरी दिसतंच.

चोविसाव्या दिवशी त्याने मोठ्या लॅबमध्ये फोर्थ जनरेशन केली, कारण नेटवर कुठेतरी वाचलं की ही सगळ्यात लवकर धरते. संध्याकाळी सेकंड शिफ्टला असताना फोन आला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर तुमचा एचआयव्ही पॉझिटिव्ह आलाय, रिपोर्ट व्हॉट्सॲप करू का?" मशीन चालू, मागे सुपरवायझर, आणि कानात हे. लॅबचं नाव मी इथं घेत नाही, पण हे चूक आहे म्हणजे आहेच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात टेस्टच्या आधी समजावून सांगून संमती घेणं आणि आधी-नंतर समुपदेशन हे स्पष्ट आहे, आणि ते सरकारी-खासगी सगळ्यांना आहे. फोनवर एका वाक्यात असं सांगायचं नसतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते वाक्य तेव्हा खरंही नव्हतं, कारण एका टेस्टवर पॉझिटिव्ह म्हणायचंच नसतं.

बुधवारचा अख्खा दिवस तो गाडी घेऊन धरणाच्या बाजूला जाऊन बसला होता. होणाऱ्या बायकोला मेसेज टाईप केला होता, लग्न मोडतोय म्हणून. पाठवला नव्हता. तो ड्राफ्ट त्याने मला दाखवला. मी म्हटलं, "हा मेसेज डिलीट करू नका आणि पाठवू पण नका. आधी हा कागद काय म्हणतोय ते नीट वाचूया."

आता थोडं शरीरातलं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. व्हायरस रक्तात शिरला तरी पहिले दहा-एक दिवस कुठल्याच टेस्टला तो दिसत नाही. मग पहिल्यांदा दिसतो तो स्वतः व्हायरस, म्हणजे त्याचा आरएनए, तो पीसीआरसारख्या टेस्टवर, साधारण १० ते ३३ दिवसांच्या मध्ये कधीतरी. त्याच्या मागोमाग पी२४ नावाचं त्याचं प्रोटीन, त्याला अँटीजेन म्हणतात. आणि मग आपल्या शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी, बहुतेकांच्यात तीन-चार-पाच आठवड्यांत येतात, थोड्यांच्यात उशिरा. फोर्थ जनरेशन टेस्ट पी२४ आणि अँटीबॉडी दोन्ही शोधते, म्हणून शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर ती १८ ते ४५ दिवसांत पकडते. नुसत्या अँटीबॉडीची टेस्ट, म्हणजे बहुतेक पट्टीच्या किट, २३ ते ९० दिवस. टेस्टला दिसेपर्यंतच्या या काळाला विंडो पिरियड, म्हणजे खिडकी म्हणतात. या आकड्यांतला दुसरा आकडा महत्त्वाचा. १८ म्हणजे सगळ्यात लवकर कोणाला तरी दिसू शकते, ४५ म्हणजे आता जवळपास सगळ्यांची दिसली असती. लोकं नेमका पहिला आकडा धरतात आणि 'अठराव्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो' म्हणतात.

मी क्लायंटला हे असं सांगते की रिपोर्टवर आजची तारीख असली तरी तो रिपोर्ट आजचं बोलत नसतो, मागचं बोलतो. बँकेत चेक टाकला की लगेच पासबुकात दिसत नाही तसं. आज पट्टीवर निगेटिव्ह आलं तर ते तीन महिन्यांपूर्वीपर्यंतच्या गोष्टींबद्दल आहे, त्यानंतरच्या गोष्टींबद्दल तो कागद गप्प आहे. म्हणून त्याच्या नवव्या दिवसाच्या टेस्टला काडीचा अर्थ नव्हता. म्हणजे एक अर्थ होता, की त्या टेस्टच्या तीन महिने आधीपर्यंतच्या गोष्टींतून त्याला काही झालेलं नव्हतं, पण त्याने ते विचारलंच नव्हतं.

हे झालं निगेटिव्हचं. पण याचा तर रिॲक्टिव्ह होता, आणि रिॲक्टिव्हचं गणित वेगळं.

रजिस्टरच्या मागच्या पानावर मी त्याला हे लिहून दाखवलं. आपल्या देशात मोठ्या माणसांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. समजा दहा हजार लोकांची टेस्ट केली तर खरे असणारे २०. आता टेस्ट कितीही चांगली असली, समजा निरोगी माणसाला ९९.५ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह म्हणते, तरी उरलेल्या ९,९८० मधल्या जवळपास ५० जणांना ती उगाच रिॲक्टिव्ह दाखवणार. म्हणजे ७० रिॲक्टिव्ह, त्यातले खरे २०. टेस्ट खराब नाही, आजार कमी लोकांत आहे म्हणून असं होतं. म्हणून आमच्याकडे लक्षण नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणायच्या आधी तीन वेगवेगळ्या किटवर तेच रक्त तपासतात, तिन्ही वेगळ्या बनावटीच्या, पहिली सगळ्यात संवेदनशील म्हणजे कोणाला सोडणार नाही अशी, पुढच्या दोन नेमक्या. तिन्हीवर रिॲक्टिव्ह आलं तरच पॉझिटिव्ह. दोनवर आलं एकावर नाही आलं तर निकाल लटकता, दोन ते चार आठवड्यांनी परत बोलवायचं, तरी नाही सुटलं तर वरच्या रेफरन्स लॅबला. एका किटवरून, कितीही महागडी असो, माणसाच्या कपाळावर शिक्का मारायचा नाही.

"पण मॅडम २.१४ आहे," तो म्हणाला, "एकच्या दुप्पट."

हा आकडा लोकांना फार छळतो. तो व्हायरस किती आहे ते सांगत नाही. मशीनमध्ये तुमच्या नमुन्याचा सिग्नल आणि कंपनीने ठरवलेली सीमारेषा, यांचा तो भागाकार आहे. खऱ्या जुन्या इन्फेक्शनमध्ये तो बहुतेक वेळा दहाच्या, शंभराच्या घरात जातो, म्हणून २.१४ सारखा सीमेच्या जवळचा आकडा बघितला की आम्हाला 'खोटा असू शकेल' असं वाटतं. पण, आणि इथंच मी जरा थांबले, अगदी ताज्या इन्फेक्शनमध्ये पण सिग्नल असाच बारीक असू शकतो, नुकतंच पी२४ यायला लागलेलं. आणि हा होता चोविसाव्या दिवसावर. त्याला 'काही नाही हो, खोटाच असणार' असं म्हणून पाठवून देणं सोपं होतं, मला म्हणावंसंही वाटलं त्याचा चेहरा बघून, पण ते खोटं बोलणं झालं असतं.

त्याच दिवशी आमच्याकडे संमती घेऊन रक्त घेतलं. आमचे एलटी म्हणजे लॅब टेक्निशियन शांत माणूस, पट्टीवर थेंब टाकतात, टायमर लावतात आणि वेळ झाल्याशिवाय मान वर करत नाहीत. वेळेआधी बघायचं नाही आणि वेळ गेल्यावर पण बघायचं नाही, कारण पट्टी वाळली की कधीकधी एक पुसट भुताची रेघ उमटते, आणि घरी टेस्ट करणारी लोकं अर्ध्या तासाने कचऱ्याच्या डब्यातून पट्टी काढून लाईटसमोर धरतात आणि मला फोटो पाठवतात. याच्या पट्टीवर फक्त कंट्रोलची रेघ आली, म्हणजे पट्टी नीट चालली एवढंच सांगणारी, गुलाबी, ठसठशीत. बाकी कोरी. पहिल्याच किटला नॉन-रिॲक्टिव्ह म्हणजे नियमाने पुढच्या दोन किट लावायच्याच नसतात, रिपोर्ट निगेटिव्ह.

तो उठून उभाच राहिला. "म्हणजे सुटलो ना?"

म्हटलं बसा. आमची किट अँटीबॉडी बघते. तुम्ही सव्वीसाव्या दिवसावर आहात. लॅबच्या मशीनने अँटीबॉडी बघितली की पी२४ बघितलं ते रिपोर्टवर वेगळं लिहिलेलं नाही, दोन्हीचा मिळून एकच आकडा आहे. आता दोन शक्यता आहेत. एक, लॅबचा रिॲक्टिव्ह खोटा आणि आमचा निगेटिव्ह खरा. दोन, लॅबच्या मशीनला पी२४ दिसलं आणि अँटीबॉडी अजून आल्याच नाहीत म्हणून आमची पट्टी कोरी, म्हणजे दोन्ही मशीन खरं बोलतायत आणि तुम्हाला ताजं इन्फेक्शन आहे. आज माझ्याकडे जे आहे त्यावरून मी यातलं एक निवडू शकत नाही.

माझ्या नोकरीतली ही सगळ्यात अवघड जागा आहे. माणूस हो किंवा नाही ऐकायला आलेला असतो. काही जण चिडतात, सरकारी किट भंगार म्हणतात. हा चिडला नाही, नुसता कॅलेंडरकडे बघत बसला.

इथं आमच्या मेडिकल ऑफिसरना बोलावलं. त्यांनी पीसीआर, म्हणजे व्हायरसच मोजणारी टेस्ट सुचवली. सरकारी कार्यक्रमात व्हायरल लोड होतो तो औषधं चालू असणाऱ्यांचा, आणि पीसीआर लहान बाळांचा, कारण आईच्या अँटीबॉडी बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे पट्टीवर बाळ उगाच पॉझिटिव्ह दिसतं, म्हणून सहा आठवड्यांपासून बाळाच्या टाचेतून कागदावर रक्ताचे थेंब घेऊन पाठवतात. मोठ्या माणसाच्या निदानासाठी आमच्याकडे ती सोय नव्हती, त्याला बाहेर स्वतःच्या खर्चाने करावी लागली. शुक्रवारी, सत्ताविसाव्या दिवशी त्याने रक्त दिलं.

रिपोर्ट यायला पुढचा बुधवार उजाडला, मध्ये पाच दिवस. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या, लग्नाबद्दल कोणाला काही बोलायचं नाही, संबंध नाही आणि रक्तदान नाही, आणि गुगल बंद. पहिल्या दोन पाळल्या. तिसरी कोणीच पाळत नाही. रोज एक मेसेज यायचा. "मॅडम सलूनमध्ये दाढी केली, ब्लेड नवीन होतं का लक्षात नाही, विंडो पिरियड परत पहिल्यापासून मोजायचा का?" नाही दादा, सलूनमुळे मोजणी परत सुरू होत नाही. "मॅडम डास?" नाही. "मॅडम अँटिबायोटिक घेतलं होतं घशाला, त्याने रिपोर्ट बदलतो का?" नाही. मोजणी बदलते ती पेपच्या गोळ्या घेतल्या असतील तर, तेव्हा संपर्काच्या दिवसापासून नाही, शेवटच्या गोळीपासून मोजायचं, कारण गोळ्यांनी व्हायरस दाबला तर सगळं उशिरा दिसू शकतं. प्रेप म्हणजे आधीपासून घेतात त्या गोळ्या चालू असतील तरी असाच घोळ होतो, ते डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. आणि मोजणी खरोखर परत शून्यावर जाते ती परत तसा धोक्याचा संबंध आला तर. याचं यातलं काहीच नव्हतं.

बुधवारी रिपोर्ट आला. एचआयव्ही १ आरएनए, आढळला नाही.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण यावर आमच्या एका नवीन सहकाऱ्यानेही मला अडवलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, पीसीआरची खिडकी ३३ दिवसांपर्यंत आहे, याने सत्तावीसाव्या दिवशी केली, मग ही कशी पक्की?" प्रश्न बरोबर आहे. त्या शनिवारच्या संबंधातून काहीच झालं नाही का, या प्रश्नाचं पक्कं उत्तर ही टेस्ट देत नाही. पण चोविसाव्या दिवसाचा २.१४ खरा होता का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ही टेस्ट देते. कारण जर त्या दिवशी मशीनला खरंच पी२४ दिसलं असेल तर तीन दिवसांनी रक्तात व्हायरस ढीगभर असायला पाहिजे, त्या काळात एक मिलिलिटरमध्ये लाखांच्या घरात जातो तो. पी२४ दिसतंय आणि व्हायरस शून्य, असं गोळ्या न घेतलेल्या माणसात बसत नाही. म्हणजे २.१४ खोटा. का खोटा? याचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही, गरोदरपण, स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार, दुसरं कुठलं इन्फेक्शन, अशा गोष्टींनी रक्तातलं काहीतरी किटला चिकटतं. त्याला नुकताच ताप येऊन गेला होता, पण त्यामुळेच झालं असं मी छातीठोक नाही म्हणणार.

त्याला मी असं सांगितलं, "तो लाल रिपोर्ट आता फाडून टाकला तरी चालेल. पण शनिवारचं खातं अजून उघडं आहे, ते बंद करायला कॅलेंडरवर अजून दोन गोल आहेत."

पहिला गोल पंचेचाळिसाव्या दिवसावर. तो दिवस नेमका महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पडला, दुसऱ्या दिवशी सुट्टी, मग हा सुट्टीनंतर गुरुवारी सत्तेचाळीसाव्या दिवशी आला. एक दिवस आधी नको, दोन दिवस उशीर चालतो. दुसऱ्या लॅबमध्ये दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर फोर्थ जनरेशन करायला सांगितली होती, मुद्दाम दुसऱ्या, कारण ज्या किटला त्याच्या रक्तातलं काहीतरी चिकटतंय तिच्यावरच परत परत करून परत तेच यायची शक्यता. आकडा आला ०.१७, नॉन-रिॲक्टिव्ह. आमची पट्टी पण कोरी. शिरेतल्या रक्तावर लॅबमध्ये केलेली फोर्थ जनरेशन ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह, मध्ये नवीन धोका नाही, गोळ्या नाहीत, तर ती पक्की धरतात, ब्रिटनमध्ये पण हेच ४५ दिवस सांगतात. मी त्याला तसंच सांगितलं. माझ्या मते त्या दिवशी त्याचं प्रकरण संपलं होतं.

पण आपल्या सरकारी कार्यक्रमात विंडो पिरियड तीन महिने सांगतो. यात विरोध नाही, कुठल्या टेस्टवर उभे आहात त्यावर आहे, आमच्या पट्ट्या अँटीबॉडीच्या, त्यांचा मागचा आकडा ९० दिवस. आणि गावातल्या एका केंद्रात तीन महिने, शहरातल्या डॉक्टरकडे सहा आठवडे, जुन्या पोस्टरवर सहा महिने असं ऐकलं की माणूस साहजिकच सगळ्यात मोठा आकडा धरतो. सहा महिने हे जुन्या काळातलं आहे, पहिल्या टेस्ट १९८५ च्या सुमारास निघाल्या तेव्हाच्या किट अँटीबॉडी फार उशिरा धरायच्या. आजच्या किटला ते लागत नाही. तरी आमच्याच दवाखान्याच्या जिन्यात परवापर्यंत एक फिकट पोस्टर होतं, सहा महिन्यांचं, ते मी स्वतः स्टूलवर चढून काढलं.

सत्तेचाळीस ते नव्वद या मधल्या काळात तो चांगला राहिला. पाडव्याला त्याने मला गुढीचा फोटो पाठवला, मागे होणारी बायको उभी होती, हातात साखरेची गाठी. मी नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला. क्लायंटच्या घरच्या फोटोवर जास्त बोलायचं नसतं.

नव्वदावा दिवस शुक्रवारी होता, त्याला सुट्टी मिळाली नाही, शनिवार-रविवार, सोमवारी आंबेडकर जयंती, मंगळवारी आला. चौऱ्याण्णवावा दिवस. एलटींनी थेंब टाकला, टायमर लावला. त्या पंधरा-वीस मिनिटांत तो माझ्यासमोर बसला आणि कॅलेंडरची जानेवारी-फेब्रुवारीची मागे दुमडलेली पानं उलटून ते गोल बघत होता. मी त्याला परत विचारलं, "मधल्या काळात काही?" तो म्हणाला, "काही नाही मॅडम, सलून पण बंद केलंय, घरीच करतो." दाढी खरंच वाईट झाली होती, गालावर दोन कापल्याच्या खुणा.

कंट्रोलची रेघ. बाकी कोरी. निगेटिव्ह, सही, शिक्का.

सिफिलिसची टेस्ट आमच्याकडे झाली होती, ती पण नॉर्मल. हेपॅटायटिस बी, सी ची विंडो वेगळी असते, त्यांचं डॉक्टरांशी वेगळं बोलायला सांगितलं, हे लोकं विसरतात, एचआयव्हीच्या भीतीत बाकी सगळं दिसेनासं होतं. बायकोला सांगायचं का, असं त्याने विचारलं. म्हटलं, तो निर्णय तुमचा, पण सांगावंसं वाटलं तर सांगण्यासारखं आता तुमच्याकडे खरं उत्तर आहे, फेब्रुवारीत नव्हतं. तो धरणावरचा ड्राफ्ट अजून मोबाईलमध्ये होता. माझ्यासमोर डिलीट केला.

लग्न झालं, पत्रिका आली होती, मी गेले नाही, आम्ही जात नाही. जूनमध्ये एकदा दुपारी फोन वाजला.

"मॅडम, कंपनीच्या मेडिकलच्या निमित्ताने मी परत एकदा बाहेर करून घेतली. सत्तेचाळीसाव्या दिवशी ०.१७ होती, आता ०.२८ आलीये. वाढतेय."

"एकच्या खाली आहे ना?"

"हो."

"लॅब तीच आहे का?"

"नाही, तिसरी."

"मग कसली तुलना करताय? ०.१७ आणि ०.२८ दोन्ही म्हणजे शून्यच, दादा. मधे काही झालंय का? बायको सोडून?"

"नाही हो मॅडम, काहीतरीच काय."

"मग फोन ठेवा आणि जेवायला जा."

ठेवला. दहा मिनिटांनी मेसेज आला, "पण वाढली का असेल?" मी तो वाचला आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला, बाहेर रांगेत एक बाई हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि मामा त्यांना ओरडून रस्ता सांगत होते.